कसला वास आहे, शेवंताबाई?

गुरुजी,

तुमच्या दारासमोर जुन्या विद्यार्थ्यांनी फलक लावला आहे. वर तुमचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'आपल्या कार्याचा सुगंध सदैव दरवळत राहील'. मी तो वाचला आणि मला हसू फुटलं. मग लगेच जीव धसकला, सुतकाच्या दारात हसताना कोणी पाहिलं तर नसेल? पण तुम्ही असता तर माझ्या आधी तुम्हीच हसला असता. ज्या माणसाला तरुणपणापासून ना मोगऱ्याचा वास आला ना मोरीचा, आणि ज्याने म्हातारपणी जमवले ते फक्त घाणेरड्या वासांचे शब्द, त्याच्या फोटोखाली सुगंध! "शेवंताबाई, ह्यांना सांगा," तुम्ही म्हणाला असता, "सुगंधाची काळजी घ्यायला पुष्कळ लोक आहेत. मला माझी घाण राहू द्या."

तेराव्याला ते पुस्तिका काढणार आहेत. तुमची लेक, सुनंदाताई, हैदराबादहून आल्यापासून स्वयंपाकघराकडे बघत नाहीत, ओसरीवरच बसून असतात. त्यांनीच मला वही दिली. म्हणाल्या, "दादांची शेवटची सहा वर्षं तुमच्याएवढी कोणाला ठाऊक आहेत? तुम्हीही लिहा." मी म्हटलं, मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. तर म्हणाल्या, "तुमचं अक्षर दादांनी मला पत्रातून दाखवलं होतं." एवढं ऐकल्यावर नाही कसं म्हणू? 'तुम्ही'मधला ह तुम्ही घोटून घेतलात म्हणून हातातून उतरतो, तोंडातून अजूनही 'तुमी'च येतं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण ह्यात एक गोष्ट अशी येणार आहे की ती सांभाळून घेता येणार नाही. ताईंनाही ती अजून ठाऊक नाही.

आपली ओळखच वासावरून झाली. तुमच्या ह्या घराला चुना लागत होता तेव्हा तुम्ही आठ दिवस लॉजवर उतरला होता, आणि मी तिथे खोल्या झाडायची, चादरी बदलायची. अजूनही तेच करते. बासरला सरस्वतीच्या देवळात लोक पोरांना पहिलं अक्षर गिरवायला घेऊन येतात, दुपारच्या गाडीने निघून जातात. खोलीत मागे राहतात ओले टॉवेल, सांडलेले तांदूळ, पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे. त्या दिवशी मालकाने ओरडून विचारलं, चार नंबर अजून बंद का. मी म्हटलं, "वास मारून राह्यलं तिथं." तुम्ही व्हरांड्यात पेपर वाचत होता. चष्म्यावरून बघितलंत.

"कसला?"

"वास म्हंजे वास. घाण."

"घाण, पण कसली?"

मला राग आला. दिवसभर लोकांची घाण उपसायची, आणि वर एका पांढऱ्या धोतरवाल्याने तिची चौकशी मांडायची. "तुमीच जाऊन हुंगा ना," मी म्हटलं.

"मला येत नाही हो. नाक आहे, पण रिकामं आहे. तुमच्या नाकाने सांगा."

मला तोवर कोणी 'हो' लावून बोललं नव्हतं. चार नंबरच्या उंबऱ्याशी उभी राहिले, डोळे मिटले. "ओल्या टावेलाचा हाय. पिळला नाही, तसाच कोंबला. वरून उदबत्ती लावली, म्हून दोन्ही वास भांडून राह्यले." तुम्ही खिशातून लग्नपत्रिकेचा एक कापलेला तुकडा काढलात, त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिलंत 'कुबट', आणि खाली बारीक अक्षरात 'सांगणार: शेवंता, लॉज'. माझं नाव कागदावर चढलेलं पाहून मला धडकीच भरली. आमच्याकडे कागदावर नाव चढलं की पुढे काहीतरी निघतं. रात्रभर वाटत राहिलं, हा माणूस मालकाला दाखवणार आणि माझं काम जाणार. सकाळी तुम्ही विचारलंत, घर लावून झालं की माझ्याकडे स्वयंपाकाला याल का, आणि नाक सोबत आणाल का.

पुस्तिका वाचणाऱ्यांना ठाऊक नाही म्हणून सांगते. तरुणपणी तुम्ही बैलगाडीतून पडलात, डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. जखम भरली, पण त्यानंतर तुम्हाला कशाचाच वास आला नाही. तुम्ही म्हणायचात, "आधी वास गेला. मग काही वर्षांनी वासाची आठवणही गेली. दूध उतू गेल्याचा वास कसा होता, आठवतच नाही. हाताशी उरले ते फक्त शब्द. तेही जातील म्हणून लिहून ठेवतो." आणि घाण वासांचेच का, असं मी विचारलं तर म्हणालात, "सुगंधाने जीव वाचलेला माणूस मी पाहिलेला नाही. घाणीने वाचलेले पुष्कळ."

माझंही थोडं सांगते. माझं गाव वांकिडीपासून दोन कोसांवर. बासर जिल्ह्याच्या ह्या टोकाला, वांकिडी त्या टोकाला. पत्त्यावर दोन्हीकडे जिल्हा आदिलाबाद, पण बसने गेलं तर दिवस मोडतो. नवऱ्याबरोबर पुलाच्या कामावर आले, काम संपलं, तो दुसऱ्या टोळीबरोबर गेला, मी राहिले. गावी माझा बा मेलेली ढोरं ओढायचा, सोलायचा. कातडं चुन्याच्या हौदात, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात. अख्ख्या गावाच्या पायातल्या वहाणा त्या हौदातून निघायच्या. शाळेत मी दाराशी बसायची. वारं फिरलं की पोरं नाक दाबायची. "शेवंता म्हणे! ह्या शेवंतीचं फूल कोन हुंगते बे?" चौथीत मास्तर म्हणाले, बाहेर बस, तिथूनही ऐकू येतं. ऐकू यायचं खरं. पण दोन-चार दिवसांनी मी ऐकायला जायचंही सोडलं.

तेव्हापासून एक खोड लागली आहे. कुठेही शिरण्याआधी मी स्वतःची बाही हुंगते. बँकेत, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर. तुमच्या घरी पहिल्या दिवशी आले, उंबऱ्यावर हात नाकाशी गेला आणि मध्येच थांबला. ह्या घराला नाकच नाही हे आठवलं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही गुरुजी, पण सगळ्या जगात ते एकच घर होतं जिथे मला वास नव्हता. त्या घरात मी मोकळा श्वास घ्यायची. बाहेर पडले की पुन्हा बाही.

आपली कामाची पद्धत ठरून गेली. सकाळी मी येणार, चहा करणार, दोन वेळचं रांधणार. मग तासभर बिस्किटाचा तो मोठा पत्र्याचा डबा उघडायचा. आत लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं. एका बाजूला शुभविवाह, गणपती, वधूवरांची नावं, आणि उलट बाजूला खवट, आंबूस, करपट, मुतरट, कुजकट. तुमचा हात कापायला लागला तेव्हा लिहिणं माझ्याकडे आलं. बाहेर रस्त्यावर लोक लेकरांना मांडीवर घेऊन तांदळात अक्षर काढायला चाललेले, आणि आत मी चाळिशीतली बाई असल्या शब्दांवर हात बसवायची. कार्डाला चार रकाने. शब्द, अर्थ, मूळ, सांगणार. आणि जिथे तुमची खात्री नसेल तिथे कोपऱ्यात 'वि.' म्हणजे विचारणे. निम्म्या डब्यावर वि. होतं. 'कुबट'वर सहा वर्षं राहिलं. ते 'कु' आणि 'उबट' मिळून झालं असेल असं तुम्हाला वाटायचं, पण नुसतं वाटण्यावर तुम्ही कधी सही केली नाहीत.

'उबट' मात्र तुमचं आवडतं. "ऊब बघा. आईच्या कुशीत असते तेव्हा ऊब. तीच ज्वारीच्या पोत्यात कोंडली की उबट. दोष उबेचा नाही, कोंडण्याचा आहे." मी म्हटलं, आईच्या कुशीचा वास तुमाले आठवत असता तं समजलं असतं, तिथंही थोडं उबटच राह्यते. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

आणि ते ताक! पितळेच्या पातेल्यातलं ताक मी मोरीत ओतलं म्हणून तुम्ही चिडला होता.

"चांगलं ताक ओतलंत!"

"कुठलं चांगलं? कल्हई गेली हाय त्या पातेल्याची. कळकलं ते."

"काय झालं म्हणालात?"

"कळकलं! घ्या, आता मराठीच्या मास्तरले मराठी सांगा."

तुम्ही पंचा सावरत उठलात आणि पातेलं उजेडात धरून तळाचं हिरवं बोटाने खरवडलंत. "हाच कळंक. हाच कलंक. चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं, कलंक म्हणजे चंद्रावरचा डाग. आणि तो माझ्या ताकात होता!" त्या दिवशी दोन कार्डं झाली आणि कल्हईवाल्याला निरोप गेला.

आपलं मोठं भांडण पुढे झालं, पण त्याचं बी तुमच्या एका लाडक्या बोलण्यात होतं. तुम्ही म्हणायचात, कोणताही वासाचा शब्द घाण जन्मत नाही. 'घाण' हा संस्कृतातला घ्राण, म्हणजे नुसतं हुंगणं, नुसतं नाक. 'वास' तसाच साधा. कचेरीतल्या उर्दूतला 'बू' खुशबूत बसला की अत्तर, एकटा पडला की गटार. शेजारच्या लक्ष्मम्मा नाक मुरडून 'कंपु' म्हणतात, पण जुन्या तेलुगूत कंपु चांगल्या वासालाही म्हणत. 'दर्प' म्हणजे मुळात ताठा, अहंकार. "चार भाषा, पण कैफियत एकच. शब्द स्वच्छ होते. लोकांनी नाक मुरडत मुरडत वापरले, त्याने ते नासले." मी ऐकून घ्यायची. मनात म्हणायची, शब्दांची एवढी कड घेता, माणसांची कोणी घेतली असती तर?

मग गॅस आला. तुम्ही स्टोव्हशी खटपट करता म्हणून ताईंनी काळजीने सिलिंडर पाठवला. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "इसकी खुद की कोई बू नहीं होती, चाचा. ऊपर से डालते हैं. लीक हुआ तो पता चले." तुम्हाला केवढा आनंद झाला. "शेवंताबाई, ऐकलंत? माणसाने मुद्दाम, दुसऱ्याच्या भल्यासाठी बनवलेली घाण! कसला वास आहे, सांगा लवकर." त्याने नळी सोडून दाखवली. मी म्हटलं, कुजलेल्या कोबीचा, त्यात सडका कांदा. तुम्ही लिहायला बसलात आणि मी आधी खिडकी उघडली. जो वास जीव वाचवायला घातलाय तो तुम्हालाच येणार नाही, हे मला तेव्हा दिसलं.

त्याच दिवशी मी नियम घातला. सकाळी मी येऊन हुंगल्याशिवाय ह्या घरात काडी ओढायची नाही. तुम्ही वर कडी केलीत. म्हणालात, "म्हाताऱ्याचा भरवसा धरू नका. काडीपेटी तुमच्याकडेच ठेवा." तेव्हापासून काडीपेटी माझ्या कनवटीला असायची. जाताना घेऊन जायची, सकाळी घेऊन यायची. दार उघडलं की आधी स्वयंपाकघर हुंगायचं, खिडकी उघडायची, पुन्हा हुंगायचं, मग पहिली काडी. तीही शेगडीची नव्हे. "आधी देवाचा दिवा लावा," तुम्ही म्हणायचात. माझ्या हाताने तुमच्या देवाचा दिवा. आजूबाजूला त्यावरून काय काय बोललं गेलं, तुमच्या कानावर होतं. तुम्ही म्हणायचात, "देवाला नाक असतं तर त्याने एवढी फुलं सोसली नसती."

गेल्या महिन्यात तुमचा एक जुना विद्यार्थी आला. वांकिडीकडचा, कापूस-ज्वारीवाला, नातवाला अक्षर गिरवायला आणलं होतं. चांगला माणूस. माझ्या हातचा चहा घेतला, विचारलं, "कोण्या गावची वं तू बाई?" मी सांगितलं. "आसं का," म्हणाला आणि चहा संपवला. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर वर एक नवं कार्ड, तुमच्या कापऱ्या अक्षरात. शब्द वाचला आणि माझे कान बंद झाले.

आमच्या वस्तीच्या नावावरून गावाने तो शब्द केला होता. चपला भिजल्या, घोंगडी ओली राहिली, कुठे उंदीर मरून पडला, की गाव तो शब्द वापरायचं. आमच्या घरात त्या वासाला नाव नव्हतं. घरात राहणाऱ्याला घराचा वास येत नाही. नाव बाहेरच्यांनी दिलं आणि ते आमचंच दिलं. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. कार्डावर तुम्ही लिहिलं होतं, 'अर्थ: ओल्या कातड्याचा, सडका. मूळ: त्या वस्तीच्या नावावरून.' सांगणार म्हणून त्या विद्यार्थ्याचं नाव होतं.

"हे फाडा," मी म्हटलं.

तुम्ही आधी समजलाच नाहीत. मग समजलात आणि चष्मा काढून बसलात. "फाडता येत नाही, शेवंताबाई."

"काऊन नाही? पत्रिकेचा तुकडा तं हाय."

"फाडलं तर तो वापरणारे सुटतील. उद्या कोणी म्हणेल, असं काही नव्हतंच. हा शब्द त्यांच्याविरुद्धचा दाखला आहे, तुमच्याविरुद्धचा नाही."

"दाखला! मले चौथीत त्या शब्दानं भायेर बसवलं, तुमी डब्यात घालून ठेवून राह्यले."

"शब्द फाडून वास जात नाही हो."

"तुमाले काय ठाऊक वास?" मी म्हटलं. "तुमाले येते काय? येत नाही म्हून सोपं हाय तुमचं सगळं. लोकाच्या नाकानं हुंगता आन् आपल्या पेनानं लिवता."

मी कनवटीची काडीपेटी काढली आणि टेबलावर, त्या कार्डावरच, आपटली. "हे घ्या. हुंगा तुमचं तुमी."

ताई, हीच ती गोष्ट. काडीपेटी माझ्याजवळ असायची आणि मी ती परत दिली. रागात दिली, आणि देताना काय देते आहे ते मला पुरतं ठाऊक होतं.

चार दिवस मी आले नाही. पहिल्या दिवशी वाटलं, तुम्ही बोलावणं धाडाल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लॉजवरून सुटल्यावर तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरले. दर्पाचं कार्ड मीच लिहिलं होतं गुरुजी, अर्थासकट. तो चार दिवस मी अंगावर वागवला. तुम्हीही बोलावलं नाहीत.

तुम्ही काय केलंत ते नंतर लक्ष्मम्मांनी सांगितलं. पहिले दोन दिवस तुम्ही शेगडी पेटवलीच नाहीत. दुधात पोहे भिजवून खाल्लेत. तिसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मम्मांना हाक मारलीत, येऊन जरा हुंगून जा म्हणालात. त्यांना मोठा मान वाटला. हुंगल्या, ठीक आहे म्हणाल्या, तुम्ही चहा केलात. चौथ्या दिवशी पुन्हा हाक. त्या आल्या, शेगडीपाशी वाकून हुंगल्या, "एमी लेदु सार," काही नाही सर, असं सांगून गेल्या. अंगण ओलांडून घरात पाऊल टाकतात तोच मागे धडाका झाला, भडका उडाला. नळी उंदराने कुरतडलेली होती, असं पंचनाम्यात आलं.

"मेरेकू पडिशम था शेवंता," लक्ष्मम्मा छाती बडवत सांगत होत्या. "नाक बंद था. कुछ नै आया." पडिशम म्हणजे पडसं, आपलाच शब्द. तुम्ही केवढे खूश झाला असता. त्या बाईला मी काय बोलणार? ती नाक बंद असताना आली, मी नाक असून आले नाही. आम्ही दोघी तुमच्या ओट्यावर एकमेकींना धरून बसलो. त्यानंतर त्या माझ्याकडे बघत नाहीत, मी त्यांच्याकडे बघत नाही.

दवाखान्यात तुम्ही दीड दिवस होता. ताई वाटेत होत्या, म्हणून मला आत सोडलं. तुमचं भाजलेलं अंग कपड्याने झाकलेलं होतं, तोंड तेवढं मोकळं. दारातून येणारा प्रत्येक जण नाकाला रुमाल लावूनच आत येई. विद्यार्थी आले, रुमाल लावून उभे राहिले, रडले, गेले. मी कोपऱ्यात उभी होते. वाटत होतं, तुम्ही आता काडीपेटीचं विचाराल. त्याचं उत्तर मी घोकून ठेवलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत, मला पाहिलंत, आणि रोजच्याच आवाजात, फार हळू, विचारलंत.

"कसला वास आहे, शेवंताबाई?"

आपल्या घरात एक नियम होता, वास खोटा सांगायचा नाही. सहा वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता.

"फिनेलचा," मी म्हटलं.

तुम्ही किंचित मान हलवलीत. "फिनेलचं कार्ड झालंय," म्हणालात. त्यानंतर तुम्ही बोललात ते माझ्यासाठी नव्हतं, सुनंदा सुनंदा करत होता.

परवा ताईंनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. "ह्याचं काय करायचं तुम्हीच ठरवा," म्हणाल्या. डब्याचा रंग उडालाय, झाकण वाकलंय, आतल्या कार्डांच्या कडा तपकिरी झाल्यात, पण अक्षर शाबूत आहे. मी घरी नेऊन दार लावलं आणि एकच कार्ड शोधलं. फाडायचं ठरवूनच शोधलं. कोण अडवणार होतं आता?

ते सगळ्यात वर होतं. अर्थ तुम्ही खोडला होता. एक रेघ नव्हे, पुन्हा पुन्हा गिरवून खोडला होता, कागदाला भोक पडेस्तोवर. मूळही खोडलेलं. सांगणाऱ्याचं नाव खोडलेलं. शब्द मात्र तसाच ठेवला होता. कोपऱ्यात वि. आणि त्याच्यापुढे, एरवी तुम्ही कधी लिहायचा नाहीत तेवढं सविस्तर, 'शेवंताबाई आल्यावर विचारणे'.

आल्यावर. त्या चार दिवसांत मी येणार की नाही हे मला ठाऊक नव्हतं, तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून बोलावणं आलं नाही होय? आणि मी तुमच्या बोलावण्याची वाट बघत लॉजवरच्या चादरी बदलत बसले.

कार्ड मी फाडलं नाही. तुम्ही जिंकलात असं समजू नका. भांडण माझ्या बाजूने अजून चालूच आहे, फक्त आता मला एकटीलाच दोन्हीकडून बोलावं लागतं. तुम्ही विचारायचं ठेवलं होतं, मग मी सांगायला हवं. अर्थाच्या रकान्यात लिहिलं आहे, 'उघड्या पडलेल्या कातड्याचा वास. ढोराच्या, माणसाच्या.' सांगणार म्हणून माझं नाव लिहिलं आहे, गावासकट. मूळच्या रकान्यात हात चालला नाही. तिथे वि. राहू दिलं.

उद्या ही वही ताईंना देईन. वाचून त्या मला उंबऱ्याच्या आत घेतील की नाही, ठाऊक नाही. नाही घेतलं तर मी काही म्हणणार नाही. पण अर्थ लिहिला तो कुठून लिहिला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं आहे, आणि तुम्ही उत्तरावर खात्री नसली की सही करत नाही.

त्या खोलीत फिनेल नव्हतं, गुरुजी. तुम्ही विचारलंत तेव्हा मी नेहमीसारखे डोळे मिटून हुंगलं, आणि मी चौथीतली होते, बाच्या हौदाच्या काठाशी उभी. तोच वास होता. तो तुमचा होता. सगळे रुमाल लावून उभे होते. मी पदर लावला नाही.